लिनोकटमध्ये प्राण्यांची माया कशी दाखवू? (दोन मांजरं आणि एक भादरलेला पाय)

शाईचाडाग

नमस्कार, मी आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रिंटमेकिंग घेतलंय. या टर्मला रिलीफ प्रिंटसाठी (ब्लॉक कोरून, न कोरलेल्या उंच भागाला शाई लावून छापतात ते) विषय मिळालाय "प्राण्यांमधली माया". विषय ऐकला तेव्हा वाटलं हे तर एकदम सोपं आहे आणि मी त्याच रात्री स्केच केलं, दोन मांजरं पाठमोरी बसलेली, शेपट्या एकमेकींत गुंतून बदामाचा आकार. सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले की हे ग्रीटिंग कार्ड आहे, यात प्राणीही नाहीत आणि मायाही नाही. वाईट वाटलं पण दोन दिवसांनी परत बघितलं तर पटलं, कारण मी असं बसलेलं मांजर कधी पाहिलेलंच नाही.

मग मी जे खरंच पाहिलंय त्याचा विचार करायला लागले. आमच्याकडे दोन मांजरी आहेत, एक म्हातारी, राखाडी पट्टेवाली, आणि एक दोन वर्षांची काळीकुट्ट. मध्ये म्हातारी आजारी पडली, तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लावायला तिचा पुढचा उजवा पाय भादरला होता. घरी आणल्यावर काळी तिच्यावर इतकी फिस्कारली की आम्हाला दोघींना वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं आणि मी जाऊन बघते तर म्हातारी आडवी पडलेली, काळी तिच्याजवळ बसून आधी कान चाटतेय, मग मान, आणि मग खाली येऊन तो भादरलेला पाय, जिथे केस नाहीत नुसती गुलाबी कातडी आहे, तिथे चाटत राहिली, बराच वेळ. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते. मी दारातच उभी राहिले, फोन काढायचंसुद्धा सुचलं नाही.

मला याच्यावरच प्रिंट करायचंय. पण आता घाबरायला होतंय कारण मी जेवढी स्केचेस केली त्यात फक्त "एक मांजर दुसऱ्या मांजराला चाटतंय" एवढंच दिसतं, मला जे दारात उभं राहून वाटलं ते काही येत नाही. ए-फोर लिनो (कोरायचा मऊ लिनोलियमचा तुकडा) आहे, एकच रंग, तीन आठवडे हातात. प्रश्न असे की १) माया ही गोष्ट कोरून कशी दाखवतात, म्हणजे चेहऱ्यावर भाव आणायचे का आणि कसे, २) केस कसे कोरायचे की ते गवत दिसणार नाही, ३) हा भादरलेला पाय ठेवू की नको, मैत्रीण म्हणते की बघणाऱ्याला कळणारच नाही, त्याला वाटेल चुकलंय.

---

जुनाब्लॉक

पोरी, भादरलेला पाय वगळलास तर चित्रच वगळलंस असं समज. तोच तुझा विषय आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती उभं राहील.

पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतो. चेहऱ्यावर भाव आणायच्या मागे लागू नकोस. मांजराच्या तोंडावर माणसाचं हसू कोरलं की ते लगेच कार्टून होतं. रिलीफमध्ये तुझ्याकडे ग्रे नाही, छटा नाही, एक तर शाई लागते किंवा लागत नाही, त्यामुळे इथे सगळं ठरतं कडेवर. दोन आकार जिथे भेटतात तिथे तू काय करतेस. नवीन मुलं काय करतात की दोन प्राणी काढतात आणि दोघांच्या मध्ये एक स्वच्छ पांढरी रेघ कोरतात कारण त्यांना भीती असते की काळ्यात काळं मिसळेल आणि कळणार नाही कोणाचं काय. झालं, ती रेघ म्हणजे भिंत. शरीरं कितीही जवळ काढा, मध्ये भिंत आहे. जिथे ते खरोखर एकमेकांना टेकलेत तिथे ती रेघ कोरूच नको. काळं काळ्यात जाऊ दे. बघणाऱ्याचा डोळा आपोआप कान कुठे, खांदा कुठे ते जोडून घेतो, फक्त बाकी ठिकाणी त्याला पुरेशी खूण दे.

जर्मन चित्रकार केथे कोल्विट्झचे युद्धावरचे वुडकट (लाकूड कोरून छापलेली चित्रं) बघ, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीचे. तिचा मुलगा १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. त्यातल्या एका प्रिंटमध्ये आईबाप गुडघ्यांवर, एकमेकांत कोसळलेले आहेत, आणि ते दोन माणसांचं मिळून एकच ढेकूळ आहे, कुठे बाई संपते आणि कुठे पुरुष सुरू होतो ते शोधावं लागतं. दुःखाचं चित्र आहे, तुझा विषय तो नाही, पण दोन जीव एका काळ्यात कसे बांधायचे हे शिकायला मला त्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. मी विद्यार्थी असताना त्याची एक साधी छापील प्रत तासन् तास बघत बसायचो.

तुझी काळी मांजर तर काळीच आहे! फुकट मिळालंय तुला हे. तिला जवळजवळ कोरूच नकोस. आणि म्हातारी पट्टेवाली, म्हणजे तिच्यात पांढऱ्या रेघा भरपूर. एक न कोरलेली, एक खूप कोरलेली, आणि मध्ये तो पाय.

---

पंजा

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतीला जाते, चित्रातलं कळत नाही पण मांजरांबद्दल थोडं सांगू शकते, कदाचित उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे काळी फिस्कारली ते रागाने नाही, हे खूप घरांत होतं. मांजरं एकमेकांना नाकाने ओळखतात, दवाखान्यातून आलेल्या मांजराला औषधांचा, दुसऱ्या जनावरांचा वास असतो, त्यामुळे तिच्यासाठी घरात एक परकं मांजर आलं जे दिसतं फक्त ओळखीचं. मग हळूहळू घरचा वास परत लागला. तुझ्या गोष्टीत हे असं आहे ना की तिने तिला परत ओळखलं. आणि सगळ्यात शेवटी ती जिथे चाटत होती तिथेच दवाखान्याचा वास जास्त राहिला असणार (हा माझा अंदाज). मला हे वाचून एकदम भरून आलं.

दुसरं, बसण्याची पद्धत. जी चाटते ती बहुतेक वेळा उंच असते, उभी किंवा बसलेली, आणि जिला चाटतात ती खाली, बसलेली किंवा आडवी. तू पाहिलंस तसंच. स्केचमध्ये दोघींना एका पातळीवर काढलंयस का? तसं असेल तर ते "खोटं" वाटण्याचं एक कारण हे असेल. आणि चाटून घेणारी मान वळवून जागा पुढे करते, कान थोडे बाजूला जातात, ताठ नसतात. बहुतेक वेळा मांजरं एकमेकींचं डोकं आणि मानच चाटतात, पाय चाटणं त्यामानाने कमी दिसतं, म्हणून तू पाहिलंस ते विशेष आहे.

तिसरं म्हणजे कृपा करून नेटवरच्या "क्यूट" फोटोंवरून काढू नकोस. त्यातले अर्धे प्राणी घाबरलेले असतात. स्लो लोरिस (माकडासारखा एक लहान प्राणी) गुदगुल्या केल्यावर हात वर करतो तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, पण तो बिचारा बचावासाठी हात वर करतो कारण त्याच्या दंडाजवळ विषारी स्रावाची ग्रंथी असते आणि तो तिथे तोंड न्यायच्या तयारीत असतो. चिंपांझीचे सगळे दात दिसले की लोक म्हणतात हसतोय, बऱ्याचदा ती भीती असते. मिठी मारलेला कुत्रा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, तोंड फिरवत असेल, सारखा ओठ चाटत असेल तर त्याला सुटायचंय.

एक काळजीचं पण सांगते, सलाईनची जागा भरली असेल तर ठीक पण टाके किंवा ओली जखम असेल तर चाटू देऊ नका, जिभेने जखम उघडते आणि इन्फेक्शन होतं.

---

थांबाजरा

विषय छान आहे पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. याला माया म्हणायचं का आपण? वर पंजा यांनी लिहिलंय त्यावरून वाटतं की वास काढून टाकायला चाटत असेल. पेंग्विन थंडीत एकमेकांना चिकटून उभे राहतात ते ऊब मिळावी म्हणून, आपण फोटो बघून म्हणतो किती प्रेम. चित्रकाराने आपली भावना जनावरावर लादू नये असं मला वाटतं. असा विषय द्यायच्या आधी हे बोलायला हवं.

---

पंजा

@थांबाजरा शंका बरोबर आहे आणि पेंग्विनचं उदाहरण पण बरोबर. पण उपयोग आहे म्हणून माया नाही असं कसं? आई बाळाला दूध पाजते त्यात पण उपयोग आहेच की.

वानरांचा अभ्यास करणारे फ्रान्स डी वाल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९७९ मध्ये चिंपांझींबद्दल लिहिलं होतं की भांडण झाल्यावर, ज्याचा भांडणाशी संबंध नाही असा तिसराच येऊन हरलेल्याला जवळ घेतो, त्याला त्यांनी सांत्वन हाच शब्द वापरला. नंतर आशियाई हत्तींमध्ये पण हे दिसलं, एक घाबरला की दुसरा जवळ येऊन सोंडेचं टोक त्याच्या तोंडात किंवा तोंडाजवळ नेतो. घोडे एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून उभे राहतात आणि एकमेकांची खांद्यावरची उंचवट्याची जागा दातांनी खाजवतात, तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजलेलं आहे. पोपट, कबुतरं एकमेकांचं डोकं आणि मान साफ करतात, कारण स्वतःची चोच तिथे पोचतच नाही.

आणि मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लोचे १९५८ चे माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग. त्या पिल्लांचे फार हाल झाले, वाचवत नाही. पण त्यातून दिसलं ते असं की दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी कापडाची मऊ आई दोन्ही ठेवल्या तर पिल्लू दूध पिण्यापुरतं तारेकडे जायचं आणि बाकी वेळ कापडाला बिलगून राहायचं. म्हणजे स्पर्श ही स्वतंत्र गरज आहे, पोटाची नाही. मांजरीच्या डोक्यात त्याला काय नाव असेल मला सांगता येणार नाही. पण नाव नसेल म्हणून ती गोष्ट नाही असं मी म्हणणार नाही.

---

थांबाजरा

@पंजा हत्तीचं वाचून विचार बदलला थोडा, थँक्यू. मग मी असं म्हणेन की नाव देऊ नका, फक्त जे घडलं ते दाखवा. प्रिंटखाली "प्रेम" असं शीर्षक नको.

---

लाकडीठसा

उशिरा आले, पण केसांच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण मी पाच वर्षं फक्त जनावरंच कोरतेय.

गवत का दिसतं? कारण सगळे केस सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर कोरले जातात. अंगावरचे केस प्रवाहासारखे असतात, नाकापासून निघतात, कपाळावरून मागे जातात, मानेवर वळतात, खांद्याच्या हाडावर दुभंगतात. आधी कागदावर फक्त बाण काढ, केस नाहीत, नुसते बाण, कुठून कुठे वाहतायत. मग व्ही टूल (टोकदार खाच पाडणारं हत्यार) घे, आणि रेघ सुरू करताना हलका दाब, मध्ये जास्त, शेवटी परत उचलत उचलत बाहेर, म्हणजे दोन्ही टोकं निमुळती होतात. एकाच टूलने सगळं करू नकोस, नाकाजवळ अगदी बारीक आणि आखूड, पोटाकडे यू टूलने (गोल खाच पाडणाऱ्या) रुंद आणि लांब. आणि मधेमधे मोकळं सोड! सगळीकडे केस कोरायची गरज नसते, उजेड जिथे पडतो तिथेच कोर. थॉमस ब्युइक म्हणून इंग्लंडमधले एन्ग्रेव्हर होते (१७५३–१८२८), ते लाकडाच्या आडव्या कापलेल्या कठीण ब्लॉकवर काळ्यातून पांढरी रेघ काढायचे, त्यांचे प्राणी बघ, पिसं आणि केस पांढऱ्या रेघेने कसे उभे राहतात ते कळेल. आपल्याकडचं हवं असेल तर नंदलाल बोस यांचा १९३० चा गांधीजींचा लिनोकट बघ, दांडीयात्रेचा. प्राणी नाही त्यात पण काळी पार्श्वभूमी आणि किती कमी रेघांत अख्खा चालणारा माणूस. किती कोरायचं नाही हे त्यातून शिकायचं.

आता मला तुझ्या गोष्टीत जे सगळ्यात जास्त आवडलं ते सांगते. मांजराच्या जिभेवर बारीक बारीक काटे असतात, आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचे, घशाच्या बाजूला वळलेले. म्हणजे जीभ स्वतःच एक टूल आहे, एकाच दिशेने ओढत जाणारं! चाटलेले केस ओले होऊन त्यांच्या टोकदार बटा होतात, न चाटलेले मोकळे राहतात. तर म्हातारीच्या मानेवर जिथून काळी चाटत आली तिथे केस बटा-बटांनी कोर, जाड, एकत्र आलेले, जिभेच्या दिशेने, आणि बाकी अंगावर सुटे. बघणाऱ्याला कळेल की ती कुठून कुठे गेली. म्हणजे एका स्थिर चित्रात तो बराच वेळ पण येईल.

आणि ती बटांची वाट जाऊन थांबते भादरलेल्या पायावर. तिथे एकही रेघ नको. माझं मत आहे की तो भाग काळा सपाट सोड. जुनाब्लॉक काकांचं काय मत?

मिशांचं एक राहिलं, मिशा शेवटी कोर, एका दमात, खांद्यातून हात हलवून, मनगटातून नको. लिनो थंड असेल तर भुसभुशीत तुटतो, थोडा वेळ उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेव, लोण्यासारखा कापला जातो. आणि दुसरा हात नेहमी टूलच्या मागे, पुढे कधीच नाही, घाईत सगळ्यात जास्त बोटं कापली जातात.

---

जुनाब्लॉक

@लाकडीठसा बटांची कल्पना फार सुंदर आहे, मला सुचली नसती.

पायाबद्दल मात्र मी उलट म्हणेन. कातडी गुलाबी आहे, उघडी आहे, नाजूक आहे, ती पांढरी पाहिजे. पूर्ण कोरून काढ. कागदच दिसू दे. उघडं पडणं म्हणजे काय तर शाई नसणं.

---

लाकडीठसा

@जुनाब्लॉक पण काका पांढरा केला तर तो सगळ्या चित्रातला सगळ्यात मोठा उजेड होईल, डोळा धावत तिथे जाईल, आणि तो बँडेजसारखा दिसेल. आणि तुम्हीच वर म्हणालात की जिथे टेकलेत तिथे काळं काळ्यात जाऊ दे. काळीचं तोंड काळं, पाय काळा, तर जीभ आणि पाय एकच होतील. केस नाहीत म्हणून टूल तिथे गेलंच नाही, हे मला जास्त खरं वाटतं.

---

शाईचाडाग

तुम्हा सगळ्यांना किती थँक्यू म्हणू. मी काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं आणि मग काळीकडे जाऊन तिची जीभ बघायचा प्रयत्न केला, तिने बघू दिली नाही.

@पंजा हो, दोघींना एकाच उंचीवर काढलं होतं! बदललं. आता काळी वरून खाली वाकलीये आणि लगेच वजन आलं चित्रात. टाके नव्हते, सलाईनची जागा पूर्ण भरलीये.

@थांबाजरा शीर्षकाचं पटलं. "तिसरा दिवस" ठेवू का विचार करतेय.

पायाचं अजून ठरत नाहीये, दोघांचंही वाचताना पटतं. आणि एक विचारायचं होतं, दोन रंग करू का? रिडक्शन पद्धतीने, म्हणजे एकाच ब्लॉकवर आधी राखाडी छापायचा मग अजून कोरून काळा? पायाला वेगळी छटा मिळेल असं वाटतंय.

---

जुनाब्लॉक

रिडक्शन नको, या वेळी नको. पिकासोने १९५० च्या दशकाच्या शेवटी ती पद्धत गाजवली तेव्हापासून सगळ्यांना ती करावीशी वाटते, आणि ती आहेही सुंदर, पण तिच्यात मागे फिरता येत नाही. दुसरा रंग कोरलास की पहिल्याचा ब्लॉक संपला. सुरुवातीलाच कागद जास्तीचे छापून ठेवावे लागतात कारण रजिस्ट्रेशन (रंग नेमका रंगावर बसणं) हलून काही वाया जाणारच. तेलाची शाई असेल तर प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यायचा. तीन आठवड्यांतला एक गेलाय. शिवाय तुझ्या चित्राला छटेची गरज नाही, त्याला निर्णयाची गरज आहे.

पायाचा निर्णय वाद घालून होणार नाही. उरलेल्या लिनोचा तळहाताएवढा तुकडा घे, फक्त जीभ आणि पाय एवढंच कोर. आधी काळा सोडून प्रूफ (चाचणीचा छाप) काढ, मग तोच भाग कोरून पांढऱ्याचं प्रूफ काढ. क्रम हाच, कारण काळ्याचं पांढरं करता येतं, पांढऱ्याचं काळं नाही. दोन्ही भिंतीला लाव आणि सहा पावलं मागे जा.

ट्रेसिंग उलटं करून उतरव ब्लॉकवर, छापताना डावं-उजवं बदलतं, विसरू नकोस.

---

शाईचाडाग

अपडेट देते, बारा दिवस झाले.

आधी वाईट बातमी, ट्रेसिंग उलटं केलं नाही. काका तुम्ही सांगितलं होतं, मी वाचलं होतं, आणि रात्री एक वाजता सरळच उतरवलं. पहिलं प्रूफ निघालं तेव्हा कळलं की भादरलेला पाय डावा झालाय. बाकी कोणाला फरक पडणार नाही पण मला पडतो, कारण तो उजवा होता. दोन दिवस वाटलं नवीन ब्लॉक करावा. मग नाही केला, कारण मानेवरच्या बटा ज्या आल्यात त्या परत तशा येतील याची खात्री नाही.

पायाची दोन्ही प्रूफं काढली, भिंतीला लावली, सहा पावलं मागे गेले. पांढरा पाय लांबून सुंदर दिसतो, खरंच, पण लाकडीठसा ताई म्हणतात तसं डोळा फक्त तिथेच जातो आणि काळी मांजर उरतच नाही. काळ्यात मात्र जीभ कुठे आणि पाय कुठे ते काही कळेना, नुसता डाग. मग मी एक केलं, काळा सोडला पण पायाच्या खालच्या कडेला, जमिनीच्या बाजूला, एकच बारीक पांढरी रेघ कोरली, कोपरापासून पंजापर्यंत, आणि वर जिथे जीभ टेकते तिथे काहीच नाही. आता पाय कळतो आणि तरी तो काळीच्या तोंडातच मिसळलेला आहे. केस जिथे संपतात तिथली कड मी एकदम सरळ ठेवली, मशीनने भादरल्यासारखी, कारण ती तशीच होती. त्या सरळ कडेमुळे चूक वाटत नाही. मैत्रिणीने न सांगता विचारलं "हिला सलाईन लावलं होतं का?"

काळीच्या अंगावर एकूण अकरा रेघा आहेत, मी मोजल्या. पाठीची एक कड, कानाच्या आतले काही, मिटलेल्या डोळ्याची एक.

आता अडचण अशी की काळीचं अंग मोठं सपाट काळं आहे आणि प्रूफमध्ये ते मीठ टाकल्यासारखं ठिपक्या-ठिपक्यांचं येतं, आणि शाई वाढवली की म्हातारीच्या नाकाजवळचे बारीक केस भरून जातात. प्रेस मिळत नाहीये, चमच्याने घासतेय. कागद जाड आहे.

---

लाकडीठसा

कागद बदल, तीच मुख्य अडचण आहे. हाताने घासायला पातळ आणि लांब तंतूंचा कागद लागतो, जपानी वाशीसारखा, जाड कागदातून चमच्याचा दाब खाली पोचतच नाही. पातळ कागदाला मागून बघितलं तर शाई कुठे उठली आणि कुठे नाही ते दिसतं पण, एक कोपरा दाबून धरायचा आणि दुसरा उचलून बघायचं.

आणि शाई एकदम वाढवू नकोस, पातळ थर दे आणि जास्त वेळा दे. काचेवर रोलर फिरवताना आवाज ऐक, चिकट चटचट आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, बारीक रेशमासारखी सळसळ आली पाहिजे. मोठ्या काळ्या भागावर रोलर दोन-तीन वेळा जास्त फिरव, नाकाकडे नेऊच नको, छोटा रोलर असेल तर दोन भाग वेगळे रोल कर. चमचा गोल गोल लहान फिरव, काळ्या भागावर जास्त वेळ, बारीक केसांवर हलका हात.

ती खालची एक रेघ, ती वाचून मी खुर्चीतून उठले.

---

जुनाब्लॉक

डाव्या पायाचं मनाला लावून घेऊ नकोस पण विसरूही नकोस. एडिशन (नंबर घातलेल्या प्रती) किती काढणार आहेस? चित्राखाली पेन्सिलने नंबर घाल, आणि एक प्रत बाजूला काढून ठेव, कोणाला देऊ नकोस.

---

शाईचाडाग

पातळ कागद मिळाला. आज सकाळी चार काढल्या, चौथीत काळी पूर्ण काळी आली आणि नाकाचे केस सगळे शाबूत. आठची एडिशन करतेय. म्हातारी टेबलावर येऊन बसली होती, पायावर आता बोटभर केस आलेत, मऊ, आणि रंग आधीपेक्षा थोडा गडद. उरलेल्या चार उद्या काढते, हात दुखतोय.